भिंती बघायला गेलो आणि गाळावरच भांडत बसलो

रविवार

स्किपोल विमानतळ समुद्रसपाटीच्या तीनेक मीटर खाली आहे हे वाचून माहीत होतं, तरी उतरताना वेगळं असं काही जाणवत नाही, जाणवणार तरी काय म्हणा, सगळीकडे सपाट हिरवं आणि आखून काढलेले कालवे. इथे आधी हारलेमरमेर नावाचं मोठ्ठं तळं होतं, ते वाफेच्या पंपांनी उपसून १८५२ मध्ये कोरडं केलं आणि पुढे त्याच तळ्याच्या तळाशी विमानतळ झाला. आमच्या डच टीममेटने हे इतक्या सहज सांगितलं की जणू प्रत्येक देशात असंच असतं.

कोर्स काय आहे ते आधी सांगते. चार देशांतल्या विद्यापीठांनी मिळून चालवलेला, विषय नद्यांचे त्रिभुज प्रदेश, आपण सरळ डेल्टाच म्हणू. सेमिस्टरभर ऑनलाइन वर्ग, मिक्स टीम, प्रत्येक टीमला एक डेल्टा वाटून दिलेला, आणि शेवटी नेदरलँड्समध्ये फील्ड. आमच्या वाट्याला आला बांगलादेशचा नैऋत्य कोपरा, खुलना-जेसोर. टीममध्ये इंडोनेशियातल्या सेमारांगचा एकजण, घानाची एकजण, इथलाच एक डच पोरगा, मी, आणि खुद्द खुलनाची एक मुलगी. आणि नेमका तिलाच व्हिसा मिळाला नाही.

शेंगेन व्हिसाची फी ९० युरो, नाकारला तरी परत मिळत नाही. कारण म्हणून छापील वाक्य, की मुदत संपल्यावर तुम्ही परत जाल याची खात्री वाटत नाही. विद्यापीठाचं पत्र, स्कॉलरशिपचं पत्र, परतीचं तिकीट सगळं जोडलेलं होतं. म्हणजे खुलनावर काम करणारी टीम हजर, फक्त खुलनाची सोडून. कोर्सच्या पहिल्या स्लाइडवर 'जागतिक प्रश्न, जागतिक वर्ग' असं काहीतरी लिहिलेलं होतं, ती स्लाइड या वेळी कोणी लावली नाही ते बरंच झालं.

ठरलं असं की ती फोनवरून सोबत राहणार. चार तासांचा फरक, आमची सकाळ म्हणजे तिची दुपार. माझ्या फोनला डेटा जास्त म्हणून मी तिची 'वाहक', असं तिनेच नाव ठेवलं.

सोमवार

दिवसभर डेल्फ्ट. सकाळी आयएचईमध्ये. ही पाण्यावरच्या शिक्षणाची संस्था, पहिला कोर्स १९५७ चा, म्हणजे इथल्या १९५३ च्या महापुरानंतर अवघ्या चार वर्षांनी, आणि तोही सुरुवातीपासून विकसनशील देशांत नोकरी करणाऱ्या इंजिनियरांसाठी. पुढे २००३ मध्ये युनेस्कोशी जोडली गेली. वर्गात डोकावलो तर आमच्यासारखी पोरं कमीच, कोणी पाणीपुरवठा खात्यातला, कोणी धरणावर दहा-बारा वर्षं काढलेला, असे लोक बाकावर बसून प्रश्न विचारत होते. आणि प्रश्न कसले, तर 'हे समीकरण ठीक आहे, पण आमच्याकडे मोजमापाचं यंत्र बंद पडलं की सुटा भाग यायला आठ महिने लागतात, मग काय करायचं' असले. आमच्या वर्गात असा प्रश्न कोणी विचारत नाही कारण आमच्यापैकी कोणी यंत्र चालवलेलंच नाहीये. मला वाटतं परदेशी शिक्षणाचं खरं मोल या मिश्रणात आहे, स्लाइडा तर काय घरी बसूनही बघता येतात.

तिथल्याच एका लेक्चरमध्ये भारी किस्सा कळला. २००७ च्या आयपीसीसीच्या, म्हणजे हवामानबदलावरच्या जागतिक समितीच्या, अहवालात छापलं गेलं की नेदरलँड्सचा ५५ टक्के भाग समुद्रसपाटीखाली आहे. प्रत्यक्षात २६ टक्के खाली, आणि अजून २९ टक्क्यांना नद्यांच्या पुराचा धोका, दोन्हीची बेरीज कोणीतरी एकाच खात्यात टाकली. आणि आकडा पुरवला होता डच सरकारच्याच संस्थेने. शिकवणारे स्वतः डच आणि हसत हसत सांगत होते, ते मला आवडलं.

दुपारी डेल्टारेस या पाण्यावर संशोधन करणाऱ्या संस्थेचा लाटांचा कालवा बघितला. ३०० मीटर लांब, साडेनऊ मीटर खोल, आत खऱ्या मापाच्या लाटा तयार करून बांधाचा तुकडा त्याखाली तपासतात. सिव्हिलवाल्यांसाठी तीर्थक्षेत्रच. फोटो काढले, पुढे गेलो.

संध्याकाळी मात्र जे ऐकलं ते डोक्यात राहिलं. इथे वॉटरस्खाप नावाची व्यवस्था आहे, पाणी मंडळ म्हणा. देशात अशी २१ मंडळं. डेल्फ्टचं जे आहे ते डेल्फलांड, त्याची पाळंमुळं १२८९ पर्यंत जातात. या मंडळांची स्वतंत्र निवडणूक दर चार वर्षांनी होते, लोक मतदान करतात, मंडळाला स्वतःचा कर लावायचा अधिकार, आणि काही जागा शेतजमीनवाल्यांसाठी आणि निसर्ग संस्थांसाठी राखून ठेवलेल्या. बांध दुरुस्त करायला पैसा दरवर्षी येतोच, मंत्री बदलला म्हणून थांबत नाही. घानाची मैत्रीण म्हणाली, 'मी इथे गेट बघायला आले होते, हे लोक मला पावती दाखवतायत.' पण ती पावतीच सगळ्यात महत्त्वाची आहे हे तिलाही पटलं होतं, नंतर जेवताना तेच बोलत होती.

मंगळवार

मास्लांटकेरिंग. रॉटरडॅमच्या बंदराकडे जाणाऱ्या जलमार्गावरचे दोन प्रचंड दरवाजे. जलमार्ग ३६० मीटर रुंद, प्रत्येक दरवाजा २१० मीटर लांब आणि २२ मीटर उंच, एरवी दोन्ही काठांवरच्या गोदीत पडून असतात, जहाजं आरामात जातात. रॉटरडॅमला पाणी तीन मीटरच्या वर चढणार असा अंदाज आला की संगणक स्वतःच ठरवतो आणि दरवाजे बंद होतात. १९९७ मध्ये बांधून झाले, आणि उंच पाण्यामुळे आपोआप बंद व्हायची खरी वेळ आली ती थेट डिसेंबर २०२३ मध्ये. दर सप्टेंबरात एकदा बंद करून तपासतात, ते आमचं थोडक्यात हुकलं.

खुलनाची फोनवर होती. तिने विचारलं, 'ज्या दिवशी बंद होतं त्या दिवशी मागून येणारं नदीचं पाणी कुठे जातं?' गाइड बाई क्षणभर थांबल्या, मग म्हणाल्या की हाच कळीचा प्रश्न आहे, वादळ आणि नदीचा पूर एकाच वेळी आले तर आत पाणी साचत जातं, म्हणून जास्त वेळ बंद ठेवता येत नाही. समुद्र जसजसा वर येईल तसतसं दार जास्त वेळा लावावं लागणार आणि बंदराला ते परवडणार नाही. एवढं अवाढव्य यंत्र, आणि त्याची मर्यादा फोनवरच्या मुलीने पहिल्या पाच मिनिटांत काढली.

दुपारी झांडमोटर, हेगच्या दक्षिणेला किनाऱ्यावर. भिंत नाही, दरवाजा नाही, नुसती वाळू. २०११ मध्ये २१५ लाख घनमीटर वाळू एकाच ठिकाणी ओतली आणि वारा, लाटा, प्रवाह यांना म्हटलं आता तुम्हीच पसरवा. दर काही वर्षांनी थोडी थोडी वाळू टाकत बसण्याऐवजी वीसेक वर्षांची एकदम. वारा असला जोरदार होता की कान बधिर, सेमारांगचा पोरगा जॅकेटची टोपी घट्ट धरून उभा आणि तरी बोलायचा थांबेना. त्याच्याकडे, जावाच्या उत्तर किनाऱ्यावर डेमाकमध्ये, झाडाच्या फांद्यांचे सच्छिद्र बांध घालून गाळ अडवला आणि त्यावर खारफुटी परत उगवू दिली, यातही डच संस्था होत्या. काही ठिकाणी गाळ खरंच बसला. पण जमिनीतून पाणी उपसल्यामुळे तिथली जमीनच दरवर्षी काही सेंटीमीटर खचत्ये, त्यामुळे गाळ चढतोय आणि जमीन उतरत्ये, शर्यत चालू आहे. 'भूजलाचा पंप बंद केल्याशिवाय काही खरं नाही,' तो म्हणाला, 'आणि पंप बंद करणं हे कुठल्याच कोर्समध्ये शिकवत नाहीत.'

मग घानाचीने तिचं काढलं. व्होल्टा नदीवर १९६५ मध्ये अकोसोंबो धरण झालं, नदीचा गाळ धरणातच अडकायला लागला, आणि खाली केटाच्या किनाऱ्याला आधीपासून लागलेली धूप अजून वाढली. म्हणजे इथे पैसे घालून वाळू ओततायत आणि तिथे फुकट येणारी धरणात पडून आहे. बसमध्ये परत येताना अख्खा वेळ गाळ, गाळ, गाळ. भिंतींचा विषयच मागे पडला.

बुधवार

हा दिवस सगळ्यात जड गेला. झीलंड प्रांतात आउवेर्केर्क नावाचं छोटं गाव, तिथे १९५३ च्या पुराचं म्युझियम. इमारत म्हणजे चार महाकाय काँक्रीटचे पोकळ ठोकळे, दुसऱ्या महायुद्धात तात्पुरत्या बंदरांसाठी बनवलेल्या प्रकारचे. बांधाला पडलेलं शेवटचं खिंडार नोव्हेंबर १९५३ मध्ये हेच ठोकळे बुडवून बुजवलं आणि आता त्यांच्याच पोटात म्युझियम आहे.

३१ जानेवारीची रात्र, शनिवार. वादळ आणि उधाण एकत्र. हवामान खात्याने इशारा दिला होता पण मध्यरात्रीनंतर रेडिओच बंद असायचा, ऐकणार कोण. १,८३६ माणसं गेली. टेलिफोनच्या तारा तुटलेल्या, झीरिकझे गावातल्या एका हौशी रेडिओवाल्याने जमेल तसा ट्रान्समीटर उभा करून बाहेर बातमी पोचवली. एका खोलीत मेलेल्यांची नावं वाळूवर प्रकाशाने उमटत राहतात. आमच्यातलं कोणी काही बोललं नाही बराच वेळ.

एका कोपऱ्यात त्या लाकडी घरांची माहिती होती जी नॉर्वे, स्वीडन वगैरे देशांनी बेघर झालेल्यांसाठी भेट म्हणून पाठवली. मी फोन त्या फोटोंवर फिरवला तर खुलनाची म्हणाली, 'थांब, परत दाखव.' तिला डचांना मदत मिळाली होती हे माहीतच नव्हतं, आम्हालाही नव्हतं. आमच्या सगळ्या धड्यांत डच म्हणजे देणारे आणि बांगलादेश म्हणजे घेणारा. हे पहिल्या आठवड्यातच शिकवायला हवं होतं असं माझं स्पष्ट मत आहे.

तिथून ओस्टरस्खेल्डेकेरिंगला, म्हणजे ओस्टरस्खेल्डे खाडीच्या तोंडावरच्या दरवाज्यांच्या बांधाला. पुरानंतर सरकारने ठरवलं होतं की खाडीचं तोंड कायमचं बुजवून टाकायचं. काम सुरूही झालं. मग शिंपलेवाले, मच्छीमार आणि पर्यावरणवाले रस्त्यावर आले, खाडी मेली तर आम्ही मेलो म्हणाले, आणि १९७० च्या दशकात सरकारने आराखडा बदलला. बंद धरणाऐवजी ६५ खांब आणि ६२ पोलादी दरवाजे, एरवी उघडे, फक्त वादळात बंद. १९८६ मध्ये पुरा झाला. खर्च कितीतरी वाढला पण भरती-ओहोटी शिल्लक राहिली. वर उभं राहून खाली बघितलं तर पाणी असं घुसतं की पोटात गोळा येतो.

इथेही गाळ सुटला नाहीच. दरवाजे उघडे असले तरी खांबांमुळे प्रवाहाचा जोर कमी झाला, त्यामुळे आतल्या चिखलाच्या पठारांवर वाळू परत चढत नाही आणि ती झिजत चाललीयत, पक्ष्यांचं चरायचं ठिकाण तेच. इथले लोक त्याला वाळूची भूक म्हणतात.

आणि मग पुलावरच, त्या वाऱ्यात, खुलनाचीने तिची गोष्ट सांगितली जी आम्ही सेमिस्टरभर वाचली होती पण ऐकली नव्हती. १९६० च्या दशकापासून तिच्याकडे डच नमुन्यावर पोल्डर, म्हणजे चहूबाजूंनी बांध घातलेले जमिनीचे तुकडे, बांधले, किनारपट्टीत मिळून १३९. सुरुवातीला भात जोरात पिकलं. पण तिथल्या नद्या भरतीबरोबर गाळ आणतात, आधी तो बिलांमध्ये, म्हणजे खोलगट शेतजमिनींत, पसरायचा. बांध घातल्यावर तो नदीच्याच पात्रात बसायला लागला. पात्र वर चढलं, बांधाच्या आतली जमीन खाली राहिली, आणि पावसाचं पाणी बाहेर पडेना, वर्षानुवर्षं साचलेलं. १९९० मध्ये बिल डाकातियाच्या लोकांनी वैतागून स्वतःच बांध कापला. १९९७ मध्ये बिल भायनाला तेच. भरती आत आली, गाळ बसला, काही वर्षांत जमीन वर आली आणि नदीही खोल झाली. मग इंजिनियरांनी त्यालाच टायडल रिव्हर मॅनेजमेंट नाव देऊन सरकारी योजनेत घातलं. 'ज्यांनी बांध कापला त्यांच्यावर आधी केसेस झाल्या असं आमच्याकडे म्हातारे सांगतात,' ती म्हणाली, 'आता त्यावर थिसिस होतात.'

डच पोरगा म्हणाला हे तर आपल्याकडच्या कल्पनेसारखंच आहे, पाण्याला आत येऊ द्या, गाळ बसू द्या. ती म्हणाली, 'तुमच्या कल्पनेसारखं नाही, आमच्या लोकांनी केलेलं.' थोडं तापलं. मग तो गप्प बसला, आणि रात्री स्वतःहून तिच्याशी तासभर बोलला, काय ते मला माहीत नाही कारण माझा फोन त्याच्याकडे होता आणि मी झोपले होते.

गुरुवार

नाय्मेखन, जर्मनीच्या सीमेजवळ, वाल नदीवर. प्रवास लांब, पाऊस, त्यामुळे लोक निम्मे झोपेत. १९९३ आणि १९९५ मध्ये नद्या इतक्या चढल्या की ९५ साली अडीच लाख लोकांना हलवावं लागलं. त्यानंतर ठरलं की बांध अजून उंच करत बसण्यापेक्षा नदीला जागा द्यायची, देशभर तीसहून जास्त ठिकाणी. इथे लेंट गावाजवळ बांध ३५० मीटर मागे सरकवला, मधे नवीन पात्र खणलं, पुराची पातळी तीसेक सेंटीमीटरने खाली आली. त्यासाठी पन्नासेक घरं पाडली. आता तिथे बेट आहे, पूल आहेत, उन्हाळ्यात लोक पोहतात, सगळं एकदम चकाचक.

फोनवरून एकच प्रश्न आला. त्या पन्नास घरांना पैसे पाडायच्या आधी मिळाले की नंतर? आधी, माहिती देणारे गृहस्थ म्हणाले, आणि तरी वर्षानुवर्षं बोलणी चालली, काही लोक अजून नाराज आहेत.

'आमच्याकडे बिल तीन-चार वर्षं भरतीला मोकळं सोडायचं म्हणजे तेवढी वर्षं पीक नाही,' ती म्हणाली. भरपाई जाहीर होते, पण जमिनीची कागदपत्रं वाटण्यांमुळे नीट नसतात, कुळाने कसणाऱ्याचं तर नावच नसतं, मग पैसा पोचत नाही आणि पुढच्या बिलाचे लोक बांध कापू देत नाहीत. योजना तांत्रिकदृष्ट्या बरोबर असूनही तिथेच अडकते.

त्या वाक्याने आमच्या रिपोर्टचे पुढचे सगळे विभाग उडाले. आम्ही तोवर गाळाचं गणित मांडत होतो, किती बिलं, कुठल्या क्रमाने उघडायची, मॉडेल तयार, नकाशे तयार. ट्रेनमध्ये बसून विषयच बदलला, बांध कापायच्या आधी शेतकऱ्याच्या हातात पैसे कसे पडतील आणि ते कोण ठरवेल. डच पोराने वॉटरस्खापची आठवण काढली, राखीव जागा वगैरे. घानाची म्हणाली की २०२३ मध्ये अकोसोंबोचं पाणी सोडल्यावर खालच्या गावांत पूर आला तेव्हाही भांडण हेच होतं, कोणाला किती आणि कधी. सेमारांगच्या पोराने तक्ता उघडला. मी चहा आणायला गेले, परत आले तर माझ्या जागेवर नकाशे पसरलेले.

शुक्रवार

सकाळी रॉटरडॅमचा बेन्थेमप्लाइन, पावसाचं पाणी साठवणारा चौक, २०१३ चा. कोरडा असताना बास्केटबॉलचं मैदान, जोराच्या पावसात सतरा लाख लिटर पाणी धरून ठेवतो. आराखडा ठरवताना शेजारच्या कॉलेजच्या पोरांनाही बसवलं होतं. छान आहे, पण आदल्या रात्री कोणी झोपलं नव्हतं त्यामुळे पायऱ्यांवर बसून सगळे फक्त स्लाइडाच बघत होते.

दुपारी प्रेझेंटेशन. ठरलं होतं की मुख्य भाग खुलनाचीनेच मांडायचा, मोठ्या पडद्यावरून. तिच्याकडे नेमकी वीज गेली, मग मोबाइल डेटावरून नुसता आवाज. परीक्षकांपैकी एकांनी विचारलं की तुमचं गाळाचं मॉडेल कुठे गेलं, आराखड्यात तर होतं. ती म्हणाली, 'मॉडेल परिशिष्टात आहे, बरोबर आहे आणि त्याने काही अडलेलं नाही.' हॉलमध्ये हशा. दुसऱ्या मॅडमनी खोलात जाऊन विचारलं की निवडून आलेलं मंडळ केलं तरी ज्याच्या नावावर जमीन नाही त्याला मत कसं देणार, आणि याचं चांगलं उत्तर आमच्याकडे नव्हतं. तिने सरळ सांगितलं की याच प्रश्नावर पुढचं काम आहे. मार्क बरे मिळाले. दुसऱ्या एका टीमचं मेकाँगवरचं काम आमच्यापेक्षा सरस होतं, हेही सांगून टाकते.

संध्याकाळी कोर्सवाल्यांशी व्हिसाचा विषय काढला. पुढच्या वेळी फील्ड फक्त नेदरलँड्समध्ये न ठेवता एक वर्ष खुलनात, एक वर्ष सेमारांगमध्ये असं आळीपाळीने करा, असं आम्ही लेखी दिलंय. विमानांचा कार्बन वगैरे मुद्दे निघाले, विमा आणि सुरक्षिततेचेही, काही रास्त, काही नुसती टोलवाटोलवी. डिसेंबरच्या बैठकीत ठेवतो म्हणाले.

रिपोर्टचं बोलायचं तर, खुलनाची पुढच्या आठवड्यात बिल भायनाकडे जाऊन तेव्हा बांध कापणाऱ्यांपैकी जे भेटतील त्यांच्याशी बोलणार आहे, प्रश्नांची यादी मी करत्ये, कसणाऱ्या कुळांची नोंद कुठल्या कागदावर सापडू शकते ते तिचे मामा शोधतायत. डच पोरगा बंगाली शिकायचं म्हणतोय, बघू. पहिल्या लेखिकेच्या जागी तिचं नाव टाकलंय, त्यावर मात्र कोणी भांडलं नाही.